स्वप्नं वाढली की जाग वाढली?

डॉक्टर, नमस्कार.

मी पुण्यात सहकारनगरमध्ये राहते, वय ४९, बँकेत नोकरी. वजन ९१ किलोवर गेलं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन उतरवणारं टर्झेपटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. आधी २.५ मिलिग्रॅम, मग ५, आणि गेल्या पाच आठवड्यांपासून ७.५. दर रविवारी सकाळी पोटावर टोचून घेते. वजन ८० वर आलंय, त्यामुळे कुरकुरायला खरं तर जागा नाही. पण ७.५ सुरू झाल्यापासून रात्रीचं काहीतरी बिनसलंय. साडेतीनला डोळे टक्क उघडतात आणि त्याआधी पडलेलं स्वप्न रंगासकट, वासासकट समोर असतं. बहुतेक वेळा त्यात माझी आई असते. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती पुरणपोळ्या करत असते, माझ्या पानात वाढते, तुपाची वाटी पुढे करते आणि मी दर वेळी ‘नको, पुरे’ म्हणते. ती काहीच बोलत नाही. मी रडत उठते. दोनदा दात पडल्याचंही स्वप्न पडलं. सासूबाई म्हणाल्या, पहाटेचं स्वप्न आहे, तिचं काहीतरी राहिलं असेल. आई सवाष्ण गेली ना, मग अविधवा नवमीला एखादी सवाष्ण जेवू घाल.

त्यांना इंजेक्शनचं माहीत नाही. इंजेक्शनचं पेन मी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवते. फक्त मिस्टरांना माहीत आहे. सासूबाई वाढायला आल्या की रोज काहीतरी कारण सांगते. भूकच नसते. दिवस चहावर निघतो, रात्री पावणेदहाला चार घास वरणभात. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणते झोपेची अर्धी गोळी घे, दुसरी मेलाटोनिन घे म्हणते. मी इंजेक्शनच बंद करू का? बाकी थायरॉइडची १०० ची गोळी, बीपीसाठी मेटोप्रोलोल, आणि पावसाळा लागल्यापासून शिंकांसाठी रात्री मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी चालू आहे. साखर नॉर्मल आहे. मिस्टर म्हणतात, घोरणं मात्र बरंच कमी झालंय.

– झोप उडालेली

ताई,

पेशंट तपासून झाला, फी देऊन झाली, की दाराच्या कडीवर हात ठेवून ‘हां डॉक्टर, अजून एक’ म्हणतो. तीस वर्षांत मी एक शिकलो, की तेव्हा पेन खाली ठेवायचं नाही. तुमच्या पत्राचा शेवट तसा आहे. गोळ्यांची यादी, घोरणं, चहा, कोथिंबिरीचा डबा हे सगळं तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि मी पत्र तिथूनच परत वाचायला घेतलं.

आधी ज्यासाठी लिहिलंत त्याचं उत्तर देतो. इंजेक्शन परस्पर बंद करू नका. या रविवारचा डोस घ्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून झोपेचं सांगा, कारण त्यांच्या मनात डोस १० वर न्यायचं असेल तर ते आत्ताच थांबवता येईल. मैत्रिणीच्या पर्समधली झोपेची अर्धी गोळी तिच्याच पर्समध्ये राहू दे.

आता पहाटेच्या स्वप्नाकडे येतो. पहाटेची स्वप्नं खरी होतात का, या वादात मी सासूबाईंशी पडणार नाही. पहाटेचीच स्वप्नं का आठवतात एवढं सांगतो. झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात आणि बहुतेक फेऱ्यांच्या शेवटी रेम नावाची झोप येते. त्या वेळी बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात, हातापायांचे स्नायू पार सैल पडलेले असतात, आणि मेंदू मात्र जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो. गोष्टीसारखी, ठसठशीत स्वप्नं मुख्यतः इथली. रात्रीच्या पहिल्या फेऱ्यात ही झोप पाच-दहा मिनिटांची असते, पहाटेकडे ती अर्ध्या तासावर जाते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जशा गाड्या पहाटे लागतात, तसा स्वप्नांचा मालही पहाटेच उतरतो.

पण स्वप्न हाती लागायला जाग यावी लागते. रेममधून थेट उठलात तर ते आठवतं. झोप तशीच पुढे सरकली तर सकाळपर्यंत बहुतेक पुसलं जातं. गेल्या वर्षीही आई तुमच्या स्वप्नात येत असेल. तेव्हा तुम्ही गजर होईपर्यंत झोपत होतात, म्हणून तिचा पत्ता लागत नव्हता. आता साडेतीनला कुणीतरी तुम्हाला स्वप्नाच्या ऐन मध्यावर हलवून उठवतंय. माझा अंदाज असा, की तुमची स्वप्नं फारशी वाढलेली नाहीत, जाग वाढली आहे. म्हणून आईच का दिसते हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि साडेतीनला उठवतंय कोण ते शोधू.

पहिला संशय इंजेक्शनवर जातो आणि जायलाच हवा. आपल्याकडे टर्झेपटाइड माउंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये आलं, आणि तशाच दुसऱ्या औषधाचं, सेमाग्लुटाइडचं, वजनासाठीचं वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. तेव्हापासून मळमळ, ढेकर आणि बद्धकोष्ठतेच्या जोडीला ‘डॉक्टर, स्वप्नं फार पडतात हो’ हे वाक्यही अधूनमधून माझ्या कानावर येतं. माहितीपत्रकात नेहमीचे त्रास म्हणून जी यादी असते तिच्यात पोटाचेच त्रास वर असतात. स्वप्नं त्या ओळींत नसतात. याच घराण्यातलं थोरलं भावंड म्हणजे लिराग्लुटाइड, रोज टोचायचं. त्याच्या युरोपातल्या माहितीपत्रकात मात्र निद्रानाश नोंदलेला आहे, आणि तो बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतला. म्हणजे तुम्हाला भास होत नाहीयेत, पण सगळं खापर एका सुईवर फोडण्याइतका पुरावाही नाही.

सुई झोपेला धक्का कसा देऊ शकते ते बघा. हे औषध पोटाबरोबर मेंदूतल्या भूक आणि तृप्तीच्या केंद्रांवरही काम करतं. नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढू शकते. जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. डोस वाढला की पुढचे काही आठवडे हे सगळं जरा जास्त जाणवतं आणि मग अंग त्याला सरावतं. टोचल्यावर साधारण आठ तास ते तीन दिवस या काळात औषधाची रक्तातली पातळी सगळ्यात वर असते. तुमचं इंजेक्शन रविवारी सकाळी, म्हणजे रविवार ते मंगळवारच्या रात्री जड आणि गुरुवार-शुक्रवारच्या हलक्या जात असतील तर संशय पक्का होतो. आठवडाभर सारखंच असेल तर चोर दुसरा आहे.

आणि दुसरे चोर तुमच्या पत्रात बरेच आहेत.

चहा घ्या. जेवण कमी झालं, भूक मेली, पण चहाची तल्लफ मेली नाही. असं बऱ्याच जणांचं होतं. पूर्वी दोन कप आणि पोळी-भाजी होती, आता पाच कप आणि दोन बिस्किटं. तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण बँकेतून निघताना सहाच्या सुमारास कोपऱ्यावरच्या अमृततुल्याचा एक कटिंग होत असणार, असा माझा पुणेरी अंदाज. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा हिस्सा अकराला तुमच्याबरोबर अंथरुणात असतो. दुपारी दोननंतर चहा बंद. माझ्या बायकोने हे वाचलं तर हसेल, कारण मी हे अजून शिकतोय.

पावणेदहाचा वरणभात हा दुसरा. पोट हळू रिकामं होतंय आणि तुम्ही अकराला आडव्या होता. मग आंबट पाणी वर सरकतं. छातीत जळजळ होईलच असं नाही. कधी नुसता घसा खवखवतो, सकाळी तोंड कडू असतं, कोरडा खोकला येतो, आणि रात्री पूर्ण न कळणारी बारीक बारीक जाग येत राहते. यावर एक उपाय माझ्या एका नोकरदार पेशंटबाईंनीच शोधून काढला होता, तो तुम्हाला देतो. त्या डब्यात दोन कप्पे भरतात. एक दुपारचा. दुसरा कप्पा साडेसहाला, ऑफिस सोडायच्या आधी किंवा घरी पोचल्या पोचल्या. त्यात मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, पनीर, उकडलेली अंडी, असं प्रथिनांचं काहीतरी. मग रात्री सगळ्यांबरोबर पानावर बसतात आणि वाटीभर ताक घेतात. वजन उतरत असताना प्रथिनं पोटात गेली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही जास्त झडतात, म्हणून चार घास वरणभातावर दिवस काढणं मला तसंही पसंत नाही. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. आंबट पाण्याचा त्रास खरंच असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. दोन उशा घेऊन काही होत नाही, नुसती मान अवघडते.

रविवारची दुपार कशी जाते? पुण्यात राहून दुपारी झोपू नका असं सांगणारा डॉक्टर मी नाही, मलाही इथेच राहायचंय. पण इंजेक्शनच्या दिवशी अंग गळून जातं, माणूस दोनला आडवा होतो तो पाचला उठतो, आणि मग रात्रीची झोप पातळ होते. डुलकी अर्ध्या तासाची ठेवा, गजर लावून.

वयाबद्दलही विचारायला हवं. भारतात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. पहाटे उठता तेव्हा मानेला, छातीला घाम असतो का? पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं का? तसं असेल तर हा सगळा खटला इंजेक्शनवर चालवण्यात अर्थ नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यावर चांगले उपाय असतात आणि ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून ते सोसत बसायची गरज नाही.

आता गोळ्यांकडे येतो, माझं जास्त लक्ष तिथे आहे.

थायरॉइडच्या गोळीचा डोस वजनाशी बांधलेला असतो. ९१ किलोंना बेतशीर बसणारी १०० ची गोळी ८० किलोंना जास्त होऊ शकते. मग छातीत धडधड, हाताला बारीक थरथर, पहाटे जाग, विनाकारण चिडचिड. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी तपासणी, या आठवड्यात करून घ्या. स्वस्त आहे आणि वजन भराभर उतरत असताना ती विसरली जाते.

मॉन्टेलुकास्ट ही पुण्यातल्या निम्म्या घरांत असलेली गोळी. पाऊस लागला, भिंतींना ओल आली, शिंका सुरू झाल्या, की गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून एक पट्टी आणायची, अशी रीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, मार्च २०२० मध्ये या औषधावर त्यांची सगळ्यात कडक चौकटीतली सूचना लावली. त्या सूचनेचा विषय मनावर होणारे परिणाम हा आहे आणि त्यांत वाईट स्वप्नं, झोपेचे त्रास येतात. सगळ्यांना होत नाही, पण होतं त्यांना होतं. तुम्ही लिहिता, ‘पावसाळा लागल्यापासून’. ७.५ चा डोस पाच आठवड्यांपूर्वी सुरू झाला. ताई, कॅलेंडर काढून बघा, मॉन्टेलुकास्टची पट्टी नेमकी कोणत्या आठवड्यात आणली होतीत. दोन्ही एकाच सुमाराला सुरू झाली असतील, तर तुम्ही सुईवर ठेवलेला आरोप कदाचित गोळीचा असेल. नुसत्या शिंकांसाठी नाकात मारायचा फवारा किंवा दुसरी गोळी असे पर्याय असतात. डॉक्टरांना बदलून मागा.

मेटोप्रोलोलबद्दल सांगताना मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. माझ्या वडिलांना हाताच्या कंपासाठी याच गटातली, म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातली, गोळी सुरू झाली, प्रोप्रानोलोल. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मुंबईला ये-जा केलेली. गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांची सव्वासातची डेक्कन क्वीन रोज पहाटे चुकायला लागली. स्वप्नात. पुणे स्टेशनच्या जिन्यावर पाय चालत नाहीत, गाडी सुटलेली दिसते, घाम फुटून उठायचे. मी तेव्हा दहा वर्षं जुना डॉक्टर होतो आणि त्यांना म्हणालो, ‘बाबा, वय झालं की अशी स्वप्नं पडतात.’ चार महिने त्यांची गाडी चुकत राहिली. शेवटी दुसऱ्या कशासाठी तरी ती गोळी बदलली आणि आठवड्याभरात गाडी चुकायची थांबली. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट ओळीत लिहिलेली होती, मी ती वाचलेलीही होती. हा गट मेंदूत पोचून झोपेत आणि स्वप्नांत ढवळाढवळ करू शकतो. तुमची गोळी जुनी असेल तर एकट्या तिचं काम नसेलही. पण ११ किलो उतरल्यावर बीपीही उतरतं, आणि मग तो डोस तसाही पुन्हा बघावा लागतो. एकच विनंती, ही गोळी एकदम बंद करू नका, हृदयाला ते सोसत नाही. बदल डॉक्टरच करतील आणि हळूहळू करतील.

मेलाटोनिनने काही जणांना उलट जास्त ठळक स्वप्नं पडतात. झोपेची अर्धी गोळी म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम. तिची सवय लागते, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला ती धोक्याची असते. तुमचा श्वास अडकत होता का हे आपल्याला माहीत नाही, पण मिस्टरांच्या त्या एका वाक्यामुळे मला तसं वाटतंय.

घोरणं कमी झालं, ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे आणि तुम्ही ती शेवटच्या ओळीत टाकलीत. जाड मानेच्या, मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. अनेकांच्या बाबतीत हे अडणं रेम झोपेत सगळ्यात वाईट असतं, कारण तेव्हा घशाचे स्नायूही सैल पडलेले असतात. म्हणजे स्वप्न सुरू झालं की गळा दाबल्यासारखा श्वास थांबतो, मेंदू दचकतो, झोप वर येते आणि स्वप्न मोडतं. वर्षानुवर्षं असं चाललं की रेमचा वाटा घटतो. वजन उतरलं, श्वास मोकळा झाला, की मेंदू ती थकबाकी वसूल करायला बसतो आणि काही काळ रेम भरभरून येते. दारू सोडलेल्या माणसालाही पहिले काही आठवडे अशीच धो धो स्वप्नं पडतात. टर्झेपटाइडला तर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणाबरोबरच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यताही मिळाली आहे. तेव्हा तुमच्या स्वप्नांचा एक हिस्सा हा मोकळ्या श्वासाचा असू शकतो. मिस्टरांना दोन रात्री कान देऊन ऐकायला सांगा. घोरणं मध्येच थांबून मग घुसमटून श्वास घेतल्यासारखा आवाज येतो का? येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. हल्ली ती घरीही करता येते.

बंद करू का, असं तुम्ही विचारलंत. करता येतं, पण काय होईल ते जाणून करा. टर्झेपटाइडचा रक्तातला साठा निम्मा व्हायला पाच दिवस लागतात, पूर्ण उतरायला जवळजवळ महिना. आज सोडलंत म्हणून उद्या साडेतीनची जाग थांबेल असं नाही. भूक मात्र परत येईल आणि जोराने येईल. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला होता. त्यापेक्षा ७.५ वरच आणखी दोन महिने राहणं किंवा एक पायरी उतरून ५ वर येणं हा डॉक्टरांशी बोलण्याचा विषय आहे. ११ किलो उतरवलेल्या बाईला पुढची पायरी चढायची घाई कशाला? इंजेक्शनचा वार बदलून बघायचा असेल तर दोन डोसांमध्ये निदान तीन दिवसांचं अंतर हवं.

फोन तर कराच, आणि आजपासून एक काम सुरू करा. उशाशी शंभर पानी वही ठेवा. मोबाईल नको, तो उघडला की तासभर गेला. सकाळी चार गोष्टी लिहा: किती वाजता जाग आली, शेवटचा चहा कधी, शेवटचा घास कधी, इंजेक्शनचा कितवा दिवस. घाम असेल तर ‘घाम’, तोंड कडू असेल तर ‘कडू’. स्वप्न लिहायचं असेल तर एकाच ओळीत. दोन आठवड्यांत ही वही तुमच्या डॉक्टरांना माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त सांगेल. साडेतीनला जाग आली की घड्याळ उलटं करून ठेवा आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. हिशोबाचे विचार अंथरुणात करू नका. बँकवाल्यांची ती खोड असते.

काही गोष्टींना मात्र वही नको, तडक दवाखाना हवा. वरच्या पोटात कळ येऊन ती पाठीत जाते आणि उलट्या थांबत नाहीत; झोपेत तुम्ही हातपाय झाडता, ओरडता, पलंगावरून पडता; दिवसाही मन इतकं उदास राहतं की जगणं नकोसं वाटतं. टर्झेपटाइडच्या गटातल्या औषधांचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आहे का हे युरोप आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी तपासलं, आणि २०२४ मध्ये त्यांनी तसा कार्यकारणसंबंध दिसत नाही असं सांगितलं. तरी तुमचं मन तुमचं आहे. तसं काही वाटलं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं. आणि हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांना मधुमेह आहे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी पहाटेची घामेजलेली, भीतीची स्वप्नं आली तर उठून आधी साखर मोजावी. ती रात्री उतरलेली असू शकते.

दातांचं थोडक्यात: सकाळी जबडा दुखत असेल तर रात्री दात खाता का ते दंतवैद्याला विचारा. घरात कुणी जाणार वगैरे मनात आणू नका.

आता कोथिंबिरीच्या डब्याकडे. पेन तिथे ठेवायला हरकत नाही, फक्त डबा फ्रीझरच्या भिंतीला टेकलेला नको. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं, एकदा गोठलं की टाकून द्यावं लागतं. लपवण्याबद्दल मी उपदेश करणार नाही. ‘सुया टोचून बारीक होतेय’ हे वाक्य तुमच्या मागे स्वयंपाकघरात आणि जिन्यात कसं फिरेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण एक बघा. तुम्ही रोज दोन वेळा सासूबाईंच्या वाढत्या हाताला ‘नको, पुरे’ म्हणता, आणि खरं कारण सांगता येत नाही म्हणून ॲसिडिटी, उपास, ऑफिसात खाल्लं असं काहीतरी पुढे करता. रात्री हेच दोन शब्द तुम्ही आईला म्हणता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, ते इतकं शब्दशः क्वचितच दिसतं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने जवळजवळ अर्ध्या जेवणावर ठेवलं होतं. ती मुलं दिवसभर जेवणाबद्दलच बोलायची, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. तुम्हाला तर भूकही लागत नाही. पण आपल्याकडे जेवण म्हणजे भूक भागवणं एवढंच कुठे असतं? पोळीवर तूप सोडणारा हात आईचा असतो. इंजेक्शनने भूक गेली, त्याबरोबर वाढून घेण्याचा सुखाचा भागही गेला, आणि त्याबद्दल तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. हे मात्र मी डॉक्टर म्हणून सांगत नाही.

अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची असेल तर घाला. त्याने साडेतीनची जाग थांबेल असं मी म्हणणार नाही. पण सुनेच्या आईसाठी सवाष्ण जेवू घालायचं स्वतःहून सुचवणारी सासू सुईचं ऐकून तुम्हाला वाटतं तेवढी बिथरणार नाही, असं मला उगाच वाटतं. त्या दिवशी स्वयंपाक करता करता सांगून बघा. हात कामात असले की अवघड गोष्टी सोप्या निघतात.

शेवटी, पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वप्नावर एक साधी रीत आहे, दुःस्वप्नांवरच्या उपचारांत ती वापरतात. दिवसा, जागेपणी, ते स्वप्न वहीत लिहायचं आणि त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. मग रोज दहा मिनिटं डोळे मिटून तो नवा शेवट मनात चालवायचा, दोन-तीन आठवडे. तुमचा शेवट मी सुचवतो, पटला तर घ्या. आई पोळी वाढते, तुपाची वाटी पुढे करते. तुम्ही म्हणता, ‘अर्धीच दे गं, हल्ली जात नाही.’ आणि ती अर्धी मोडून वाढते.

तुपाला नाही म्हणू नका.